हलतंय कोण: तारा की आपण?

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग रात्री गच्चीत बसून ऐकता आला तर उत्तमच. पण लोकलमध्ये दाराशी उभं राहून ऐकत असाल तरी हरकत नाही, कारण आज आपण बरंच लांब जाणार आहोत. सुरुवात मात्र घरातूनच. मुंबई-पुण्यातून.

साल १८६२. ऑगस्ट महिना, म्हणजे ऐन पावसाळा. ८ ऑगस्टला एक इंग्रज माणूस मुंबईच्या बंदरात उतरतो. वय ४८. तब्येत तोळामासा. त्याला पुण्याला जायचंय. बोरघाट चढून जाणारी आगगाडी अजून सुरू व्हायचीय, ती पुढच्या वर्षी होणार. हा माणूस पुण्याजवळच्या डोंगरावर एक वेधशाळा उभारणार आहे. त्यासाठी ब्रिटिश पार्लमेंटनं १००० पौंड मंजूर केलेत आणि नऊ इंची दुर्बीण त्यानं स्वतःच्या पैशांनी घेतलीय. तीन वर्षं तिथं काम करायचं, असं त्यानं कबूल केलंय.

१६ ऑगस्टला, म्हणजे मुंबईत पाय ठेवल्यावर आठच दिवसांनी, पुण्यात त्याचा मृत्यू होतो. वेधशाळा राहूनच जाते.

या माणसाचं नाव कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब. सूर्याखेरीज दुसऱ्या एखाद्या ताऱ्याभोवती ग्रह फिरत असावा, असं नुसतं कल्पनेनं नाही, तर मोजमापं पुढे ठेवून सांगणाऱ्या अगदी पहिल्या माणसांपैकी हा एक. ते त्यानं १८५५ मध्ये सांगितलं. आणि ते चुकलं.

आजची गोष्ट अशा चुकलेल्या ग्रहांची आहे. आपण नेहमी शोधांच्या गोष्टी ऐकतो. पण सूर्यमालेबाहेरच्या ग्रहांचा, म्हणजे बाह्यग्रहांचा इतिहास बघितला, तर पहिली १४० वर्षं जवळपास सगळी चुकांचीच आहेत. या सगळ्या चुकांमागे एकच साधा प्रश्न उभा आहे: हलतंय कोण? तो तारा, की आपण?

मावशी आणि चिमुरडीची फुगडी

आधी थोडं विज्ञान. घाबरू नका, फुगडी घालता येत असेल तर हेही समजेल.

ताऱ्याभोवतीचा ग्रह थेट दिसत का नाही? तारा भयंकर तेजस्वी, ग्रह त्याच्या मानानं अगदीच मिणमिणता, आणि दोघं एकमेकांना चिकटल्यासारखे. समोरून येणाऱ्या ट्रकच्या हेडलाइटपाशी उडणारं चिलट दिसेल का? तसंच. म्हणून खगोलशास्त्रज्ञांनी आडवाट धरली.

आता डोळ्यांसमोर आणा, एक दणकट मावशी आणि एक चौथीतली चिमुरडी फुगडी घालतायत. चिमुरडी मोठ्या गोलात गरागरा फिरते. मावशी जागेवरच आहे असं वाटतं, पण नीट बघा, तीही एका छोट्याशा गोलात फिरत असते. आता अंगणातले दिवे घालवा आणि फक्त मावशीच्या डोक्यावर एक दिवा ठेवा. चिमुरडी दिसायची बंद झाली. पण तो दिवा किंचित डुलतोय, हे दिसलं, तर तुम्ही म्हणाल, "मावशीनं कुणाचे तरी हात धरलेत."

मावशी म्हणजे तारा, चिमुरडी म्हणजे ग्रह. ताऱ्याचं डुलणं मोजायचं आणि त्यावरून न दिसणाऱ्या ग्रहाचं वजन नि फेरीचा काळ काढायचा. युक्ती झकास आहे, फक्त एक ग्यानबाची मेख आहे. अंधारात दिवा डुलताना दिसला, तर तो दिवाच डुलतोय कशावरून? तुमचं डोकं हलत असेल तर?

पुण्याचा जेकब

परत जेकबकडे. हा ईस्ट इंडिया कंपनीच्या बॉम्बे इंजिनिअर्समधला अधिकारी. १८३१ मध्ये मुंबईला आला, काही वर्षं जमिनीच्या मोजणीच्या कामात गेली. पण जीव आकाशात. १८४२ मध्ये त्यानं पुण्यात स्वतःची खासगी वेधशाळा उभारली. तिथून त्यानं जोडताऱ्यांचे, म्हणजे एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या जोड्यांचे वेध घेतले. अशा २४४ जोड्यांची यादी त्यानं १८४८ मध्ये लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीला सादर केली. तोपर्यंत लष्करातली नोकरी त्यानं सोडलेली होती. त्याच वर्षाच्या अखेरीला त्याला मद्रास वेधशाळेचा संचालक नेमलं.

खरं सांगतो, या भागाची तयारी करेपर्यंत पुण्याच्या या वेधशाळेबद्दल मला काडीचीही माहिती नव्हती. बाह्यग्रहांच्या शोधाची एक वाट आपल्या पुण्यातून निघते, हे वाचून मी दोन मिनिटं गप्प बसलो होतो.

तर जेकबचं लक्ष एका जोडीवर खिळलं. भुजंगधारी नावाचा तारकासमूह आहे, वृश्चिकाच्या वरच्या अंगाला. त्यात ७० क्रमांकाचा एक तारा आहे, ७० ऑफियुकी. आपल्यापासून साडेसोळा प्रकाशवर्षांहून किंचित लांब. हा एक तारा नसून दोन आहेत, हे विल्यम हर्शेलनं १७७९ मध्ये दाखवलं होतं. हे दोन तारे एकमेकांभोवती एक फेरी साधारण ८८ वर्षांत पुरी करतात.

गणितानं काढलेल्या मार्गावर हे तारे नीट बसत नाहीत, असं जेकबला दिसलं. जागा थोडी चुकते, मग परत जुळते, मग परत चुकते. त्यानं विचार केला, यातल्या एका ताऱ्याला कुणीतरी ओढतंय. एखादा न दिसणारा, ग्रहासारखा गोल. १८५५ मध्ये त्यानं हे छापलं. भाषा सावध होती. ग्रह सापडला, असा डांगोरा त्यानं पिटला नाही, दाट शक्यता आहे इतकंच म्हटलं.

आता जरा हिशेब करू. १७७९ ते १८५५ म्हणजे ७६ वर्षं, आणि ताऱ्यांची फेरी ८८ वर्षांची. म्हणजे जेकबच्या हातात एका पूर्ण फेरीचीही नोंद नव्हती! आणि मोजायचं काय होतं? साधारण पाच किलोमीटरवर ठेवलेलं पाच रुपयांचं नाणं जेवढं दिसेल, तेवढ्या कोनाला एक विकला म्हणतात. गुरूएवढ्या ग्रहानं आपल्या सूर्यासारखा तारा इतक्या अंतरावर हलवला, तर तो हलणार एका विकलेचा जेमतेम हजारावा भाग. हे मोजायचं दुर्बिणीला डोळा लावून, सूक्ष्ममापकाचे चाप हातानं फिरवत. थकलेला डोळा, हलणारी हवा, वेगवेगळ्या देशांतल्या वेगवेगळ्या निरीक्षकांच्या सवयी, हे सगळं त्या आकड्यांत मिसळलेलं होतं. ७० ऑफियुकीभोवती ग्रह आजतागायत सापडलेला नाही. जेकबला दिसलेला फरक मोजमापातल्या त्रुटींचा असणार, असंच आता मानलं जातं.

जेकब गेल्यावर तीसेक वर्षांनी हा वाद पुन्हा उकरला गेला. अमेरिकेत थॉमस जेफरसन जॅक्सन सी नावाचा एक हुशार आणि तितकाच तापट खगोलशास्त्रज्ञ होता. त्यानं १८९६ मध्ये सांगितलं, याच जोडीत एक काळा साथीदार आहे. १८९९ मध्ये फॉरेस्ट रे मोल्टन या तरुणानं गणित करून दाखवलं की असा तिसरा गोल तिथं टिकूच शकत नाही, दोन ताऱ्यांच्या ओढाताणीत त्याची कक्षा विस्कटून जाईल. सीनं संपादकांना चिडून पत्र लिहिलं. संपादकांनी त्याचा काही भागच छापला, आणि यापुढे या गृहस्थांना जागा देताना आम्ही हात आखडता घेऊ, असं जाहीर केलं. म्हणजे ट्रोलिंग आणि ब्लॉक करणं आजचं नाही, मंडळी!

भिंग हललं की तारा?

आता विसाव्या शतकात येऊ. गंमत बघा, दुसरी मोठी चूकसुद्धा त्याच भुजंगधारी तारकासमूहात झाली.

तिथं बर्नार्डचा तारा आहे. सहा प्रकाशवर्षांवर, म्हणजे आपल्या शेजारातच. लालसर, छोटा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. आकाशात सगळ्यात वेगानं सरकताना दिसणारा तारा हाच. हा वेग एडवर्ड बर्नार्डनं १९१६ मध्ये लक्षात आणून दिला.

अमेरिकेतल्या स्वार्थमोर कॉलेजच्या स्प्राउल वेधशाळेत पीटर व्हॅन डी कॅम्प नावाचे डच वंशाचे संचालक होते. विद्यार्थ्यांचे लाडके. १९३८ पासून त्यांनी २४ इंची दुर्बिणीतून या ताऱ्याचे फोटो घ्यायला सुरुवात केली. काचेच्या पट्ट्यांवर, वर्षानुवर्षं, दोन हजारांहून जास्त. १९६३ मध्ये त्यांनी जाहीर केलं, हा तारा डुलतोय, आणि त्याच्याभोवती गुरूहून थोडा मोठा ग्रह २४ वर्षांत एक फेरी मारतोय. पुढे १९६९ मध्ये ते म्हणाले, एक नाही, दोन ग्रह असावेत.

जगानं हे उचलून धरलं. पाठ्यपुस्तकांत आलं. लोक म्हणाले, चला, सापडला एकदाचा. पण त्या काचेवर ताऱ्याचं डुलणं होतं किती? मिलिमीटरचा साधारण हजारावा भाग. केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी पट कमी.

१९७३ मध्ये दोन गोष्टी घडल्या. जॉर्ज गेटवुड आणि हाइनरिख आइकहॉर्न यांनी दुसऱ्या दुर्बिणींतून घेतलेले फोटो मोजले. त्यात डुलणं दिसेना. आणि खुद्द स्प्राउलमधल्याच जॉन हर्शी यांनी त्याच दुर्बिणीतून घेतलेल्या आणखी एका ताऱ्याच्या नोंदी तपासल्या. तो ताराही तसाच हलत होता! त्याच वर्षी, त्याच दिशेला. दोन वेगळ्या ताऱ्यांनी ठरवून एकाच वेळी उडी मारावी, हे कसं शक्य आहे? मग दुर्बिणीच्या नोंदवह्या निघाल्या. १९४९ मध्ये भिंगाची चौकट बदलली होती. १९५७ मध्ये भिंगात पुन्हा फेरफार झाला होता. उडी ताऱ्यानं मारलीच नव्हती, ती भिंगानं मारली होती.

व्हॅन डी कॅम्प यांना हे पटलं नाही. शेवटपर्यंत नाही. निवृत्तीनंतरही ते आपल्या ग्रहांची बाजू मांडत राहिले.

इथं मला त्यांच्यावर हसावंसं वाटत नाही. विचार करा, तरुणपणापासून तुम्ही रात्री जागून एकेक फोटो जमवलाय, थंडीत उभे राहिलाय, आणि तीस-पस्तीस वर्षांनी कुणीतरी सांगतं की तुम्ही आयुष्यभर एका भिंगाचं हलणं मोजत होतात. कोणाला पटेल? पण विज्ञान एका माणसाच्या कष्टांपुढे थांबत नाही, आणि ते थांबू नये, हेही तितकंच खरं. १८ मे १९९५ रोजी व्हॅन डी कॅम्प गेले. पाचच महिन्यांनी सगळं बदललं. पण त्याआधी एका सभागृहात काय घडलं, ते ऐकायलाच हवं.

अटलांटातल्या टाळ्या

आता तारा नाही, ताऱ्याचा सांगाडा. मोठा तारा स्फोट होऊन मरतो, तेव्हा मागे कधीकधी एक छोटा, अतिशय घट्ट गोळा उरतो. तो गरागरा फिरतो आणि प्रत्येक फेरीला रेडिओ लहरींचा एक ठोका पाठवतो. हा पल्सर. त्याचे ठोके इतके नियमित असतात की त्यावर घड्याळ लावावं. पल्सरभोवती ग्रह असेल, तर पल्सर डुलेल, आणि ठोके कधी जरा लवकर, कधी जरा उशिरा येतील.

जुलै १९९१ मध्ये इंग्लंडच्या जॉड्रेल बँक वेधशाळेतल्या अँड्र्यू लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केलं, एका पल्सरभोवती ग्रह आहे. फेरीचा काळ सहा महिने. मोठ्ठी बातमी झाली. जानेवारी १९९२ मध्ये अमेरिकेत अटलांटा इथं खगोलशास्त्रज्ञांची परिषद होती, तिथं लाइन यांना भाषणाचं आमंत्रण आलं.

पण सहा महिने हा आकडा जरा खटकतो ना? पृथ्वीच्या वर्षाच्या बरोबर निम्मा.

परिषदेच्या थोडेच दिवस आधी लाइन यांना आपली चूक सापडली. आपण ठोके ऐकतो ते पृथ्वीवर बसून, आणि पृथ्वी स्वतः सूर्याभोवती धावतेय. त्यामुळे ठोके काही मिनिटं लवकर किंवा उशिरा पोचतात, आणि हा परिणाम गणितातून वजा करावा लागतो. तो वजा करताना पल्सरची आकाशातली जागा किंचित चुकीची धरली गेली होती, आणि पृथ्वीची कक्षा थोडी लंबगोल आहे हे पुरेसं हिशेबात घेतलं गेलं नव्हतं. उरलेली चूक सहा महिन्यांच्या तालावर नाचत राहिली. डुलत होती ती आपली पृथ्वी!

लाइन काय करू शकले असते? आजारी आहे म्हणून कळवता आलं असतं. महिनाभरानं कुठेतरी कोपऱ्यात चार ओळींची दुरुस्ती छापता आली असती. ते अटलांटाला गेले. भरलेल्या सभागृहासमोर उभे राहिले आणि म्हणाले, ग्रह नाही, आम्ही चुकलो. मग चूक नेमकी कुठे झाली, हे त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं.

बोलणं संपलं तेव्हा सभागृह उठून उभं राहिलं आणि टाळ्या वाजवू लागलं.

त्यानंतर बोलायला आले अ‍ॅलेक्झांडर वोल्शचान. मूळचे पोलंडचे. विषय तोच, पल्सरभोवतीचे ग्रह! जरा कल्पना करा, काय वाटलं असेल त्यांना. पुएर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या प्रचंड रेडिओ दुर्बिणीची १९९० मध्ये दुरुस्ती चालू होती, ती हवी तशी वळवता येत नव्हती, त्यामुळे तिच्यावर भरपूर मोकळा वेळ मिळत होता. त्या वेळात त्यांना एक पल्सर सापडला होता, सेकंदाला १६० हून जास्त वेळा फिरणारा. त्याच्याभोवती दोन ग्रह, पृथ्वीच्या काही पट वजनाचे, एकाची फेरी ६६ दिवसांच्या आसपास, दुसऱ्याची ९८.

लाइन जिथं घसरले, नेमकी ती जागा वोल्शचान यांनी आधीच तपासून घेतली होती. त्यांचे सहकारी डेल फ्रेल यांनी दुसऱ्याच एका दुर्बिणींच्या जाळ्यातून पल्सरची जागा स्वतंत्रपणे, अगदी काटेकोर मोजली होती. शिवाय ६६ आणि ९८ या आकड्यांचा पृथ्वीच्या वर्षाशी काही मेळ नव्हता. हे ग्रह टिकले. ते आजही आहेत. सूर्यमालेबाहेरचे पहिले पक्के ग्रह, तेही एका मेलेल्या ताऱ्याभोवती!

संशयाचीही किंमत असते

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, मग काय, संशय घ्यावा, जपून राहावं, संपलं. इतकं सोपं नाही ते.

ताऱ्याचं डुलणं मोजायची आणखी एक रीत आहे. फास्ट लोकल हॉर्न देत प्लॅटफॉर्मवरून निघून जाते, तेव्हा येताना आवाज टिपेचा असतो आणि लांब जाताना खालचा होतो. प्रकाशाचंही तसंच. तारा आपल्याकडे येत असेल तर त्याचा प्रकाश किंचित निळ्याकडे सरकतो, लांब जात असेल तर किंचित लालकडे. म्हणून ताऱ्याचा वर्णपट घ्यायचा आणि त्यातल्या रेषा किती सरकतात ते पाहायचं. जेकबसारखं आडवं सरकणं नाही, तर पुढे-मागे होणं मोजायचं.

गुरूमुळे आपला सूर्य पुढे-मागे होतो तो सेकंदाला साधारण साडेबारा मीटरनं. गावातून जाणाऱ्या स्कूटरचा वेग. तो ओळखायचा कित्येक प्रकाशवर्षांवरून!

कॅनडाचे ब्रूस कॅम्पबेल आणि गॉर्डन वॉकर यांनी हे जमवत आणलं. ताऱ्याचा प्रकाश त्यांनी हायड्रोजन फ्लोराइड या वायूनं भरलेल्या नळीतून सोडला. वायूच्या रेषा वर्णपटावर उमटतात आणि मोजपट्टीचं काम करतात. हा वायू जहरी, पण पट्टी पक्की. १९८८ मध्ये वृषपर्वा तारकासमूहातल्या एका ताऱ्याच्या, गॅमा सेफीच्या बाबतीत त्यांना ग्रहाची चाहूल लागली. पण मागच्या सगळ्या फजित्या डोळ्यांसमोर होत्या. हा ताऱ्याच्या पृष्ठभागाचाच काही खेळ तर नसेल? १९९२ मध्ये वॉकर आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की हा ग्रह नसावा. कॅम्पबेल यांनी तर तोवर खगोलशास्त्रच सोडलं होतं.

२००३ मध्ये सिद्ध झालं की तिथं खरोखरच ग्रह आहे.

म्हणजे व्हॅन डी कॅम्प नसलेल्या ग्रहाला धरून बसले, आणि इथं असलेला ग्रह हातातून सुटला. मग करायचं काय? किती थांबायचं, आणि कधी बोलायचं?

"माझं यंत्र बिघडलंय"

याचं एक छान उत्तर १९९५ मध्ये मिळालं.

जिनिव्हाचे मिशेल मेयर आणि त्यांचा पीएचडीचा विद्यार्थी दिदिए केलोज. दक्षिण फ्रान्समधल्या ओत प्रोव्हान्स वेधशाळेत त्यांनी एलोडी नावाचं नवं उपकरण बसवलं होतं. मेयर काही महिन्यांसाठी हवाईला गेलेले. इकडे केलोज एकटा. महाश्व तारकासमूहातल्या ५१ पेगासी या ताऱ्याचे आकडे प्रत्येक वेळी वेगळे यायला लागले. सूर्यासारखाच शांत तारा, पण वेग सेकंदाला जवळपास ६० मीटरपर्यंत वर-खाली. आणि तेही जेमतेम सव्वाचार दिवसांत एक आवर्तन!

केलोजला पहिल्यांदा काय वाटलं? ग्रह सापडला? छे. त्याला वाटलं, आपलं यंत्र बिघडलंय, आणि आता पीएचडीचं काही खरं नाही. तो आठवडेच्या आठवडे आपलीच चूक शोधत बसला. सापडेना. मग त्यानं मेयरना कळवलं.

गुरूसारखा ग्रह आणि सव्वाचार दिवसांची फेरी? आपला बुध सूर्याभोवती फिरायला ८८ दिवस घेतो. इतका जवळ, तापलेला गुरू असू शकतो हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. खरं तर ऑटो स्ट्रूव यांनी १९५२ मध्येच लिहून ठेवलं होतं की गुरूएवढे ग्रह ताऱ्यांच्या अगदी जवळ का नसावेत, शोधून तर पाहा. पण तो छोटासा लेख मागे पडला होता.

मेयर आणि केलोज यांनी लगेच बातमी फोडली नाही. तारा सूर्याच्या बाजूला गेल्यामुळे काही महिने दिसणारच नव्हता. त्यांनी आधी गणित करून ठेवलं की जुलैमध्ये तो परत दिसेल, तेव्हा अमुक रात्री वेग अमुक असला पाहिजे. जुलै आला. दुर्बीण लावली. आकडे बरोबर तिथंच पडले.

किती थांबायचं, या प्रश्नाचं त्यांचं उत्तर हे होतं: जी कसोटी आपल्याला खोटं पाडू शकेल, ती आधी ठरवायची, कागदावर लिहायची, आणि तेवढं थांबायचं. त्यातून पार पडलात की मात्र बोलायचं. ६ ऑक्टोबर १९९५ रोजी इटलीत फ्लॉरेन्सच्या परिषदेत त्यांनी ते जाहीर केलं. काही दिवसांतच अमेरिकेतल्या जेफ्री मार्सी आणि पॉल बटलर यांनी आपल्या दुर्बिणीतून पाहून दुजोरा दिला. २०१९ मध्ये मेयर आणि केलोज यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

पुढचं तुम्हाला थोडंफार माहीत असेल. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा प्रकाश किंचित मंदावतो, हे धरून केप्लर दुर्बिणीनं २००९ पासून २६०० हून जास्त ग्रह शोधले. आपल्याकडे माउंट अबूच्या गुरुशिखरावर अहमदाबादच्या पीआरएलचं पारस नावाचं उपकरण आहे. केप्लरच्या नोंदींत दिसलेल्या एका ग्रहाचं वजन पारसनं मोजलं, पृथ्वीच्या साधारण २७ पट, आणि २०१८ मध्ये तो ग्रह पक्का झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये नासाच्या यादीनं ६००० चा आकडा ओलांडला.

पुन्हा भुजंगधारी

आणि बर्नार्डचा तारा? त्यानं आणखी एकदा चकवलं. २०१८ मध्ये त्याच्याभोवती २३३ दिवसांत फिरणारा ग्रह आहे अशी बातमी आली, आणि २०२१ मध्ये कळलं की तो ताऱ्याच्या पृष्ठभागाचाच खेळ असावा. मग २०२४ मध्ये चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीतून एक छोटा ग्रह सापडला, आणि २०२५ मध्ये हवाईतल्या दुर्बिणीच्या मदतीनं एकूण चार पक्के झाले. चारही पृथ्वीपेक्षा हलके, चारही आठवड्याच्या आत फेरी मारणारे. ताऱ्याचं डुलणं सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास, म्हणजे रांगणाऱ्या बाळाचा वेग. व्हॅन डी कॅम्प यांचे ग्रह हे नव्हेत. त्यांनी सांगितले होते गुरूएवढे, हे निघाले चिमुकले. पण तारा तोच.

आणि आपला जेकब? त्याची रीत, म्हणजे ताऱ्याचं आकाशातलं आडवं सरकणं मोजणं, दीडशे वर्षं सगळ्यांना फसवत आली. मग युरोपनं गाया नावाची दुर्बीण अवकाशात पाठवली. तिथं हलणारी हवा नाही, थकणारा डोळा नाही. दहा वर्षांहून जास्त काळ ती अब्जाहून अधिक ताऱ्यांच्या जागा मोजत राहिली. तिला एक तारा डुलताना दिसला, त्याचा पुढे-मागे होणारा वेग जमिनीवरून तपासला गेला, आणि २०२५ मध्ये गाया-४बी हा ग्रह पक्का झाला. जेकबच्या निबंधाला त्या वर्षी १७० वर्षं झाली होती.

तर मंडळी, पाऊस उघडला की दसऱ्याच्या सुमारास एखाद्या संध्याकाळी गावाकडे, गडावर, जिथं अंधार असेल तिथं जा. फोनवरचं आकाशाचं अ‍ॅप उघडा आणि पश्चिमेला भुजंगधारीत ७० ऑफियुकी शोधा. अंधुक आहे, पण नीट अंधार असेल तर नुसत्या डोळ्यांनी दिसतो. त्याच्याभोवती ग्रह सापडलेला नाही, हे तुम्हाला आता माहीत आहेच. तरी दोन मिनिटं बघा त्याच्याकडे. पुण्यात वेधशाळा थाटणाऱ्या आणि पुण्यातच देह ठेवणाऱ्या एका माणसानं तिथं काहीतरी हलताना पाहिलं होतं.

भाग आवडला तर तुमच्या वर्गातल्या, ऑफिसातल्या त्या मित्राला पाठवा, ज्याला "माझं चुकलं" म्हणायला फार जड जातं. लाइन यांच्या टाळ्यांपर्यंतचा भाग तरी ऐकायला सांगा त्याला. पुढच्या वेळी भेटू. तोवर ऐकत राहा, आणि अधूनमधून वर बघत राहा!